नाचणे रस्त्यावरची मुंबई

रस्त्याच्या कडेला कुणी बसलेलं दिसलं, की माझी स्कूटर थांबते. तो माणूस नुसता बिडी ओढत बसलेला असतो, नाहीतर त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला असतो, नाहीतर एस.टी.ची वाट बघून कंटाळलेला असतो. वर मलाच विचारतो, "काय हवंय?" मी म्हणतो, "काही नाही, बरे आहात ना?" आणि निघतो. बायको मागे बसलेली असली तर कपाळाला हात लावते, पण तिला कारण माहीत आहे. तुम्हाला ते सांगावं म्हणून लिहायला बसलोय.

माझा मूळ धंदा मंडपाचा. बांबू, कनाती, खुर्च्या, लाऊडस्पीकर. अठ्ठ्याण्णव साली मुंबईहून एक मालिकावाले रत्नागिरीत आले. त्यांना जुनं कौलारू घर हवं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं, की मंडपवाल्या सुधाकरला गाठा, त्याला सगळी घरं आतून माहीत आहेत. खोटं नव्हतं ते. बारसं असो, लग्न असो, तेरावं असो, मंडपवाला घरात शिरतोच, आणि न्हाणीघर कुठे, मीटर कुठे, कुठल्या सुनेचं कुणाशी पटत नाही, हे सगळं त्याला फुकटात कळतं. तेव्हापासून मी शूटिंगवाल्यांचा इथला माणूस झालो.

हे काम म्हणजे नेमकं काय, असं पुष्कळ जण विचारतात. घर शोधायचं, घरवाल्याला पटवायचं, ग्रामपंचायतीचा कागद आणायचा, जनरेटर लांब ठेवायचा म्हणजे आवाज येत नाही, नाश्ता वेळेवर, कोंबडे गप्प. शिवाय भरती-ओहोटी. भाट्याच्या किनाऱ्यावर एकदा हिरो-हिरोईनचं भांडण ओहोटीला सुरू झालं आणि जेवणानंतर भरतीला संपलं. टीव्हीवर बघताना असं वाटायचं, की दोघं दोन वाक्यं बोलले तोवर समुद्र त्यांच्या पायाशी आला. तेव्हापासून मी खिशात भरतीचं वेळापत्रक ठेवतो. आणि सगळ्यात शेवटचं काम म्हणजे गर्दी पुरवायची. बाजारात चालणारी माणसं, मयताला जमलेली माणसं, लग्नात जेवणारी माणसं. ही सगळी आमच्या वाडीतली, माझ्या ओळखीची.

माझ्याकडे आलेल्या मालिका निम्म्याहून जास्त रहस्याच्याच. मुंबईच्या लेखकाला कोकण म्हटलं की खून सुचतो, का ते देव जाणे. खुनासाठी घर मिळवताना मात्र माझ्या नाकीनऊ यायचे. लग्नाला लोक घर आनंदाने देतात, खुनाला कोण देणार? दापोलीकडे मुरुडला एक बाई मोठ्या मिनतवारीने तयार झाल्या, पण अट घातली, की खून पडवीत करा, आत देव आहेत. मी म्हटलं, "वहिनी, लेखकाने माजघरात लिहिलाय." त्या म्हणाल्या, "मग त्याला सांगा, पडवीत लिही म्हणून." आणि खरोखरच खून पडवीत झाला. वर वहिनींनी मारेकऱ्याला आणि मेलेल्याला दोघांनाही सोलकढी पाजली.

दुसऱ्या एका लेखकाच्या गोष्टीत एक अनोळखी माणूस बुरोंडीला येतो, खोली घेऊन महिनाभर राहतो आणि त्याचं नावसुद्धा कुणाला कळत नाही. मी त्यांना म्हटलं, "साहेब, एस.टी.तून उतरताना त्याला विचारतील, कुणाकडे? त्याने सांगितलं नाही, तर पुढच्या वळणावर दुसरा विचारील. खोलीवर पोचेपर्यंत त्याच्या आजोळपर्यंतची माहिती गावात असेल." लेखक म्हणाले, "मग तो पहिल्याच भागात पकडला जाईल." मी म्हटलं, "हो." बिचाऱ्यांचा चेहराच उतरला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की गुप्तहेराच्या गोष्टीला गाव का चालत नाही. जिथे सगळ्यांचं सगळ्यांकडे लक्ष, तिथे गुप्तहेर काय डोंबल शोधणार? त्याला शहरच लागतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. दोन हजार साल उलटून गेल्यावर पराग नावाचा दिग्दर्शक आला. तरुण, दाढीवाला, आवाज कधी न चढवणारा. त्याची मालिका मुंबईतल्या एका गुप्तहेराची. पण निर्मात्याची इथे आंब्याची बाग आणि बागेत मोठं रिकामं घर. सगळ्या युनिटची राहायची सोय तिथे होणार, म्हणून मुंबई रत्नागिरीतच उभी करायची असं ठरलं होतं. पराग मला म्हणाला, "सुधाकर, मला एक मुंबईची गल्ली शोधून दे."

नाचणे रस्त्याला तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. त्यातले बरेच फ्लॅट मुंबईच्या लोकांनी घेऊन ठेवलेले, वर्षभर बंद. दोन इमारतींच्या मधोमध एक अरुंद बोळ होता. वर बघितलं तर बंद खिडक्या, खाली सिमेंट. मी म्हटलं, हीच मुंबई. आम्ही पाट्या बदलल्या, एक रिक्षा हटवून काळी-पिवळी टॅक्सी उभी केली, पेपरवाल्याची टपरी लावली. परागने सगळं बघितलं आणि म्हणाला, "छान झालंय. पण शहर म्हणजे इमारती नाहीत, सुधाकर. शहर म्हणजे न थांबणारी माणसं. रस्त्यात प्रेत पडलंय आणि लोक बाजूने जातायत. कुणी बघत नाही. असं असेल तरच माझ्या गुप्तहेराला काम आहे."

पुढे तो म्हणाला, "उद्या मला अशी माणसं दे."

मी "देतो" म्हटलं. अशी माणसं आपल्याकडे आहेत का, हा विचार मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत टेम्पो लावला. गोविंदा न्हावी आला, बेबीताई आल्या, मन्या आला, त्याच्या दोन वहिन्या आल्या, पोस्टातले निवृत्त दामले आले, शिवाय वाडीतले आणखी आठ-दहा जण आले. आणि सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर बसले ते वासूकाका.

वासूकाका माझे शेजारी. एस.टी.त कंडक्टर होते, निवृत्त झालेले. माझे वडील गेले तेव्हा पहिल्या दिवसापासून तेराव्यापर्यंत आमच्या ओटीवर बसून होते. शूटिंगची त्यांना भारी हौस. पण त्यांना साखरेचा आजार. सकाळी गोळी घ्यायची आणि जेवण वेळेवर, नाहीतर साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हातपाय कापतात, कधीकधी बोलणंही विसंगत होतं. शालूकाकी त्यांना कुठे एकटं सोडत नसत. त्या टेम्पोपाशी आल्या आणि काकांना ऐकू जाणार नाही असं मला म्हणाल्या, "सुधा, तुझ्या भरवशावर धाडत्ये. बारापर्यंत यांच्या पोटात दोन घास गेले पाहिजेत. उशीर झालाच तर खिशात साखरेची पुडी ठेवलीय, ती आधी तोंडात घाल. मग बाकी सगळं."

मी म्हटलं, "काकी, काही काळजी करू नका."

काळजी माझ्याकडे आली. टेम्पो चालू झाला तेव्हापासून मी काकांच्या सदऱ्याच्या खिशाकडे बघत होतो. पुडीचा फुगवटा दिसला की बरं वाटायचं.

बोळात पोचल्यावर नाश्ता झाला. काकांनी थोडंसंच खाल्लं. मग ड्रेसवाला आला आणि म्हणाला, "हे धोतर-सदरे चालणार नाहीत, मुंबई आहे." सगळ्या पुरुषांना पँट-शर्ट वाटले. काका निळा शर्ट आणि काळी पँट घालून हातात बॅग घेऊन बाहेर आले. आम्ही सगळे हसलो. बेबीताई म्हणाल्या, "भावजी, अगदी साहेब दिसताय हो." काका ऐटीत चालून दाखवू लागले. त्या गडबडीत त्यांचा सदरा टेम्पोतल्या दोरीवर गेला, आणि त्याच्याबरोबर पुडीही. मला हे पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

शॉट असा. बोळाच्या मधोमध प्रेत पडलेलं. प्रेताचं काम करणारा दत्ता नावाचा मुंबईचा नट होता. आयुष्यभर त्याने हेच केलं. गोळी लागून मेला, बुडून मेला, फासावर मेला. मला सांगायचा, "पोटाने श्वास घ्यायचा नाही, पाठीने घ्यायचा, मग कॅमेऱ्याला दिसत नाही." आमचे लोक त्याला पहिल्या दिवसापासून मढंच म्हणू लागले आणि त्यालाही ते आवडलं. तर हा दत्ता डोळे उघडे ठेवून आडवा पडलेला. दोन्ही बाजूंनी माणसं येतात, त्याला वळसा घालून जातात. बस. बोलायचं नाही, बघायचं नाही.

पहिल्या टेकला काका त्याच्यापाशी थांबले, वाकले, आणि टपरीवरून पाण्याची बाटली घेऊन आले. पराग शांतपणे म्हणाला, "काका, तो मेलाय." काका म्हणाले, "ते मला कसं कळणार? आधी बघायला नको?"

दुसऱ्या टेकला काका थांबले नाहीत, पण मन्याचा हात धरून त्याला विचारलंनी, "कुणाचा रे हा?" तिसऱ्या वेळी बेबीताईंनी चपला काढून हात जोडले. चौथ्या वेळी गोविंदा न्हावी आणि दामले समोरासमोर आले आणि गोविंदा सवयीने म्हणाला, "काय भाऊ, आज बाजार का?" दामले म्हणाले, "नाही रे, शूटिंग." हे सगळं रेकॉर्ड झालं.

परागने सगळ्यांना गोळा केलं. "हे शहर आहे. इथे तुम्ही कुणाला ओळखत नाही."

काका म्हणाले, "ओळखत नाही म्हणून तर विचारायचं ना, कोण म्हणून."

युनिटमधले हसले, पण पराग हसला नाही. तो घड्याळ बघत होता. मीही बघत होतो. त्या बोळात ऊन फक्त मधल्या वेळेत यायचं, सूर्य डोक्यावर असताना. एरवी सावली. परागला कडक ऊन हवं होतं. म्हणजे नेमकी जेवणाची वेळ. मी त्याच्या सहायकाला जाऊन म्हटलं, की आमच्या काकांना बाराला जेवायला सोडायचंय. तो म्हणाला, "जेवण पुढे ढकललंय. ऊन गेलं तर दिवस गेला. हा एक शॉट होऊ दे." शॉट लवकर व्हायला हवा, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

मी काकांना बाजूला घेतलं. "काका, तुमची गाडी खच्चून भरलीय. स्टॉपवर माणसं हात करतायत. तुम्ही काय करता?"

"डबल बेल मारतो."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एस.टी.त कंडक्टरने दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते.

"मग आता मनातल्या मनात डबल बेल मारा," मी म्हटलं.

काकांनी मान सरळ केली, नजर लांब लावली आणि चार पावलं चालून दाखवली. तो चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. भरल्या गाडीतल्या कंडक्टरचा चेहरा. त्यांना ते स्वतःलाच इतकं पसंत पडलं, की ते बाकीच्यांना शिकवू लागले. "अरे मन्या, थांबायचं नाही. डबल बेल समज. बेबी, ऐकलंस काय गो? डबल बेल." आणि गंमत म्हणजे सगळ्यांना जमलं. पुढच्या टेकला सगळी वाडी दत्ताला वळसा घालून निघून गेली. कुणी वळून बघितलं नाही. मी भिंतीला टेकून बघत होतो आणि मला कसंतरीच झालं. ही सगळी माझी माणसं. यांच्या घरी चूल पेटली नाही तरी मला कळतं. आणि ती अशी चालली होती जणू रस्त्यात दगडच पडलाय.

पराग उठून माझ्यापाशी आला आणि माझा खांदा दाबलान. "आता झाली मुंबई." मग म्हणाला, "अजून एकदा. कॅमेरा खाली लावून."

कॅमेरा खाली लावायला वेळ लागला. ऊन माथ्यावर आलेलं. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. शेजारच्यांच्या फोनवरून काकी. "सुधा, जेवले काय हे?"

"आत्ता जेवतातच, काकी."

"म्हणजे नाही जेवले."

पुढे त्या म्हणाल्या, "पुडी दे त्यांना. आधी पुडी दे." आणि फोन ठेवलान.

मी काकांकडे बघितलं. ते बोळाच्या त्या टोकाला आपल्या जागेवर उभे होते. निळा शर्ट पाठीला चिकटला होता. घाम सगळ्यांनाच आला होता, ऊन होतं. पण काका हातातली बॅग या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात करत होते. मी त्यांच्या खिशाकडे बघितलं. खिसा सपाट. शर्टच त्यांचा नव्हता.

मी टेम्पोकडे धावलो. आत दोरीवर दहा सदरे. पांढरे, एकसारखे. मी एकेक चाचपत गेलो. कुणाच्या खिशात तंबाखूची डबी, कुणाच्या खिशात देवाचा अंगारा. पुडी हाताला लागली तेव्हा मी ती इतकी घट्ट धरली, की कागद फाटून साखर बोटांना लागली. तसाच पळत बोळाच्या तोंडाशी आलो. तिथे सहायकाने हात आडवा धरलान. "रोल आहे. थांब."

मी थांबलो. इतक्या वर्षांत अंगात मुरलेली गोष्ट ती. कॅमेरा चालू असला की हलायचं नाही, खोकायचं नाही. मी त्याच्या हाताच्या अलीकडे पुडी घेऊन उभा राहिलो.

समोर माणसं चालत होती. काका येत होते. मान सरळ, नजर लांब. पण पाय तिरके पडत होते. ते भिंतीकडे गेले, भिंतीला हात लावला, बॅग खाली पडली. मग गुडघ्यात वाकले आणि आवाज न करता कुशीवर पडले. दत्तापासून दोन हातांवर.

आणि कुणीही थांबलं नाही. गोविंदा त्यांच्या बाजूने गेला. दामले गेले. मन्याच्या वहिन्या गेल्या. बेबीताईंचा पदर काकांच्या पायावरून गेला, आणि त्यांनी खाली बघितलं नाही. सगळ्यांच्या डोक्यात डबल बेल. सगळ्यांना वाटलं, दिग्दर्शकाने काकांना आता पडायला सांगितलंय. कॅमेऱ्यामागे पराग पुढे झुकलेला, डोळे मॉनिटरच्या छोट्या पडद्यावर. त्याच्या चेहऱ्यावर खुशी मला दिसली. त्यालाही वाटलं, काकांनी स्वतःहून काहीतरी केलं.

मी तोंड उघडलं. आवाज फुटला की नाही, मला माहीत नाही.

उठला तो दत्ता. मढं उठलं. छातीवर रक्ताचा लाल रंग, कपाळावर भोक, आणि तो गुडघ्यांवर रांगत काकांपाशी गेला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलान आणि ओरडला, "पाणी आणा. ह्यांना खरंच काहीतरी होतंय."

मग सगळं शहर एका क्षणात मोडलं. सगळे उलटे फिरले, एकमेकांवर आदळले. मी सहायकाचा हात झुगारून आत गेलो. काकांचे डोळे अर्धे उघडे, ओठ हलत होते. मी फाटक्या पुडीतली साखर बोटाने त्यांच्या गालाच्या आतून लावली. पुन्हा लावली. दत्ता त्यांचा जबडा धरून होता आणि म्हणत होता, "गिळा बाबा, गिळा." बेबीताई रडत रडत त्यांचे तळवे चोळत होत्या. गोविंदा कॅमेऱ्याच्या गाडीतून गरम चहाचा थर्मास घेऊन आला. मला काकीच दिसत होत्या, फोन ठेवून ओटीवर उभ्या असलेल्या. त्यांना मी काय तोंड दाखवणार?

किती वेळ गेला मला माहीत नाही. काकांनी घोट गिळला. मग दुसरा. मग डोळे माझ्यावर आले आणि ते क्षीण आवाजात म्हणाले, "सुध्या, गाडी कुठे आली?"

माझा जीव भांड्यात पडला. तिथेच सिमेंटवर बसलो आणि रडलो. लाज वाटली नाही.

परागने स्वतःच्या गाडीतून काकांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून, सलाइन लावून, संध्याकाळी घरी सोडलं. काकींनी मला काही बोलायला हवं होतं. त्यांनी उलट मला ताटावर बसवलं आणि भात वाढला. त्या भाताचा एकेक घास मला जड गेला.

दुसऱ्या दिवशी बागेतल्या घरी मी दत्ताला विचारलं, "तुम्हाला कळलं कसं? आम्हाला कुणाला कळलं नाही."

"त्यात कळायचं काय?" दत्ता म्हणाला. "तुम्ही सगळे समोर बघत होता. मी खाली होतो, बाबा खाली आले. आमची नजरानजर झाली."

मी म्हटलं, "पण तुमच्या मुंबईत कुणी थांबत नाही ना?"

तो हसला. "कोण सांगतं? आमच्या नाक्यावर माणूस पडला तर चहावाला उकळता चहा टाकून धावतो. थांबत नाहीत ते सिरियलमधले."

पराग शेजारीच चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला आणि बाहेर जाऊन बागेत उभा राहिला. नंतर मला घेऊन काकांकडे गेला, त्यांच्या पाया पडला, आणि विचारलंन, "काका, तो शॉट मालिकेत घेऊ का? नको म्हणालात तर पुसून टाकतो." मला वाटलं, काकी त्याला घराबाहेर काढतील. पण काकांचे डोळे चमकले. "मी दिसतोय काय त्यात?"

"तुम्हीच दिसताय."

"मग घ्या की."

मालिकेचा तो भाग लागला तेव्हा सगळी वाडी काकांच्या ओटीवर जमली. टीव्ही दारात आणून ठेवलेला. आमच्याकडे शूटिंगमधला आपला माणूस पडद्यावर आला, की मालिका ऐकूच येत नाही. "हा बघा मी", "ती बघ आत्या", "दामल्यांची टोपी बघा", असा नुसता कल्ला असतो. त्या दिवशीही सुरुवातीला तसाच होता. मन्याने आणलेली भजी फिरत होती. टॅक्सी दिसली, टपरी दिसली, सगळ्यांनी बदललेल्या पाट्या ओळखल्या.

मग तो शॉट आला. खालून लावलेला कॅमेरा, कडक ऊन, सिमेंट. पुढे दत्ता पडलेला. मागून पायच पाय. निळ्या शर्टातला एक म्हातारा भिंतीला हात लावतो, बॅग टाकतो, खाली पडतो. बाजूने माणसं जातात. एकेक चेहरा स्वच्छ. खरीखुरी मुंबई वाटावी अशी. गुप्तहेराचा आवाज मागे काहीतरी बोलत होता, या शहरात कुणाला कुणाचं काही नाही, असंच काहीसं.

ओटीवर एक शब्द नाही. त्या बोळातून चाललेलं प्रत्येक माणूस तिथे मांडी घालून बसलेलं होतं, आणि "हा बघा मी" असं एकानेही म्हटलं नाही. बेबीताई भज्याचा तुकडा हातात धरून खाली बघत होत्या. मी त्या शॉटमध्ये नव्हतो. मी चौकटीच्या बाहेर, डाव्या हाताला, पुडी घेऊन उभा होतो. ते पडद्यावर कुणाला दिसणार नव्हतं. मला दिसत होतं.

बोलले ते काका. पुढे सरकून, बोट पडद्याला लावून, अगदी खुशीत. "हा मी. पडलो बघ कसा. आणि हा आपला गोविंदा. हे दामले. ह्या मन्याच्या वहिन्या. ही बेबी, पदर बघ गो तुझा." एकालाही सोडलं नाही त्यांनी. गाडीतल्या माणसांना ओळखावं तसं प्रत्येकाला नावानिशी ओळखलं. जसजसं नाव येईल तसतशी एकेक मान खाली जात होती. काकांना ते कळतच नव्हतं.

शॉट संपला, दुसरंच काही दिसू लागलं. काकांनी बोट मागे घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"अरे सुध्या, पुढचं कापलंन की. मढं उठून मला धरतं, ते कुठे आहे?"

मी म्हटलं, "काका, ते दाखवता येत नाही. मढं उठलं तर गोष्टच संपते."

काका म्हणाले, "संपू दे की."